गेटची फेरी

आमच्या धाकट्या दिरांना शेल्टरमध्ये सगळे मास्तर म्हणतात. शाळेत ते सातवीपर्यंत टिकले, तेही मागच्या बाकावर, त्यामुळे हे नाव घरी कळलं तेव्हा सगळ्यांना फार हसू आलं. आमचे हे किल्ल्या करून देतात. दिवसभर कानस घासून त्यांची जीभही तशीच झालीय. भावाला जेवायला उशीर झाला की अजूनही विचारतात, “मास्तरांची शाळा सुटली नाही वाटतं?” पण ज्या माणसानं एकोणीस वर्षं दुसरं काहीच केलं नाही, फक्त कुत्र्यांना माणसाच्या बाजूनं शांत चालायला शिकवलं, त्याला दुसरं म्हणणार तरी काय?

मी त्याच शेल्टरमध्ये स्वयंपाकाला आहे. कुत्र्यांच्या. हे ऐकलं की बायका हसू दाबतात. दाबू देत. साठ तोंडांना रोज शिजवून घालते, एकानं कधी नावं ठेवली नाहीत. घरात दोनच पुरुष आहेत, त्यांना रोज मीठ कमीजास्त लागतं. भाऊजींनीच मला तिथं लावून दिलं. मी त्यांची वहिनी, म्हणून तिथल्या सगळ्यांचीच वहिनी झाले. आमचे डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तेही मला वहिनीच म्हणतात.

भाऊजींविषयी लोक आता काहीबाही बोलतात. कुणी म्हणतं बेरकी माणूस, कुणी म्हणतं देवमाणूस. दोन्ही ऐकून माझं डोकं फिरतं. म्हणून जे घडलं ते सांगते, आणि त्यात माझा हात किती होता तेही सांगते.

शेल्टर म्हणजे एक लांब बोळ. दोन्ही बाजूंना पिंजरे, मधे सिमेंटचा रस्ता. एका टोकाला नळ आणि माझं स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला लोखंडी गेट. गेटाशेजारी पुढची खोली, लोक कुत्रं निवडायला येतात ती, आणि तिला लागून ऑफिस. स्वयंपाकघराला वळसा घालून गेलं की मागची खोली. तिथं एक टेबल, एक कपाट आणि डॉक्टरांची पेटी, बाकी काही नाही.

पिंजरे बावन्न आणि कुत्री कायम साठ. म्हणून नियम होता. नव्या कुत्र्याला एकवीस दिवस मिळायचे. बाविसाव्या दिवशी सकाळी दहाला त्याची गेटची फेरी व्हायची. पिंजऱ्यातून निघायचं, गेटापर्यंत जायचं, परत यायचं. दोन्हीकडून बाकीची कुत्री भुंकत असतात, कुणीतरी मधूनच सायकल आडवी नेतं, कुणीतरी मुद्दाम बादली आपटतं. डॉक्टर गेटाशी उभे राहून फक्त दोरीकडे बघायचे. सैल राहिली तर कुत्रं पुढच्या खोलीत. ताणली गेली तर मागच्या.

चावरं कुत्रं लोक घेतच नाहीत, डॉक्टर म्हणायचे. घेतलेलं परत येतं ते ओढतं म्हणून. हात दुखतात, गुडघे फुटतात, मग दोन आठवड्यांत शेल्टरच्या दारात. डॉक्टर वाईट नव्हते. प्रत्येक वेळी मागच्या खोलीतून बाहेर आले की माझ्याकडून चहा मागायचे आणि तो न पिताच ठेवून जायचे. फेरीत फसलेलं कुत्रं आम्हा कामगारांनाही घरी नेता यायचं नाही. पूर्वी एका झाडूवालीनं अशी अकरा कुत्री घरी नेली होती. शेजाऱ्यांनी तिचं जिणं हराम केलं, आणि शेवटी अकराच्या अकरा एकाच दिवशी परत आली. तेव्हापासून तो नियमही झाला.

भाऊजी इथं आले ते एका कुत्र्यापायी. आधी ते एका गोदामावर पहारेकरी होते. गोदाम बंद झालं, मालक कुलूप घालून निघून गेला आणि राखणीचं कुत्रं साखळीलाच बांधलेलं राहिलं. भाऊजी त्याला चालवत इथं घेऊन आले. चालवत कसले, त्यानंच भाऊजींना ओढत आणलं. जन्मभर साखळीला असलेल्या कुत्र्याला चालणं कुठून येणार? एकवीस दिवस भाऊजी रोज येऊन त्याच्याशी झटले. त्यांना काही येत नव्हतं, तेही ओढायचे, कुत्रंही ओढायचं. बाविसाव्या दिवशी ते मागच्या खोलीत गेलं. दुसऱ्या दिवशी भाऊजी डॉक्टरांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, मला इथं काम द्या. लग्नाचं म्हणाल तर नंतर दोन ठिकाणी बोलणी झाली होती. पण मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो, की आमचे हे खरं सांगून मोकळे.

शिकले मात्र असे की बघत राहावं. पहिल्या दिवशी दोरी लावायचीच नाही. पिंजऱ्यात जाऊन कुत्र्याकडे पाठ करून बसायचं, बास. दुसऱ्या दिवशी गळपट्ट्याला दोरी अडकवायची आणि सोडून द्यायची, फरफटू दे त्याला हवी तिथं. मग बाहेर. कुत्रं पुढे झेपावलं, दोरी ताणली, की भाऊजी खांबासारखे उभे. ओढायचं नाही, ओरडायचं नाही, नाव घ्यायचं नाही. नुसतं थांबायचं. कुत्रं तिकडे जीव काढत असायचं, भाऊजी इकडे आकाशाकडे बघत. कधीतरी त्याला प्रश्न पडायचा की हा माणूस मेला की काय, मग ते मान वळवायचं. तेवढ्यानं दोरी सैल व्हायची. सैल झाली की एक पाऊल. खिशातून उकडलेल्या काळजाचा एक तुकडा, तो मी कापून दिलेला, आणि पुढचं पाऊल. पिंजऱ्यापासून नळापर्यंत वीस पावलं आहेत. काही कुत्र्यांना ती वीस पावलं चालायला सहा दिवस लागले.

घरी ह्याच माणसाला चहा दोन मिनिटं उशिरा मिळाला की कपाळाला आठ्या पडायच्या. सगळी सहनशक्ती तिकडे खर्ची पडत असावी.

आता अंगठ्याचं सांगते. मला कामाला लागून चौथं वर्ष असेल. एका काळ्या कुत्रीची फेरी होती आणि ती पास होणार नाही हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सायकल आली, ती उसळली, आणि दोरी काही ताणली नाही. डॉक्टर गेटाशी होते, त्यांना समोरून दिसत होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते, मला बाजूनं दिसलं. भाऊजींनी दोरीचा एक वेढा अंगठ्याखाली दाबून धरला होता. कुत्रं झेपावणार हे त्यांना त्याच्या मानेवरून आधीच कळायचं. त्या क्षणी अंगठा सुटला, हातभर दोरी मोकळी झाली, आणि त्याच वेळी त्यांनी घशातून बारीक आवाज काढला. कुत्री वळली, वेढा परत अंगठ्याखाली. डॉक्टरांना पत्ताही लागला नाही.

घरी आल्यावर मी सरळ विचारलं.

“सगळ्यांसाठी नाही करत, वहिनी,” ते म्हणाले. “जे अगदी काठावर असतं ना, त्याच्यासाठी.”

“आणि बाहेर जाऊन त्यानं ओढलं तर?”

“ओढेल थोडे दिवस. माणसं शिकवतील की. जिवंत तर राहील.”

मी काय करावं? मी मूग गिळून बसले. बसले एवढंच नाही, फेरीच्या सकाळी काळजाचे तुकडे नेहमीपेक्षा मोठे कापायला लागले. मला ते बरोबरच वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्या कुत्र्यांना गाडीत बसून जाताना बघून मला आनंद व्हायचा.

दांडगा नावाचा कुत्रा आला तो एका इमारतीच्या बांधकामावरून. तांबूस, छाताड माझ्या कढईएवढं, आणि जीव असा लावणारा की पिंजऱ्यापाशी गेलं की सगळं अंग गजाला घासायचा. चावणं त्याला माहीतच नव्हतं. पण दुसरं कुत्रं दिसलं की दोन माणसांना आवरायचा नाही. भाऊजींनी त्याच्यावर जीव टाकला. एकवीस दिवसांत तो त्यांच्या बाजूनं सावलीसारखा चालायला लागला, दुसरं कुत्रं समोर नसेल तोवर. बाविसाव्या दिवशी अंगठा तीनदा सुटला. मी मोजलं.

त्याच आठवड्यात त्याला एक कुटुंब भेटलं. मुलगा तिशीतला, एका कार्यालयात नकाशे काढणारा. बरोबर त्याची आई. वडील पायांनी अधू, घरीच असतात. आईला रोज फिरायला सांगितलं होतं आणि एकटीला कंटाळा यायचा. म्हणून कुत्रं. भाऊजींनी दांडग्याला पुढच्या खोलीसमोरच्या अंगणात चालवून दाखवलं, मग दोरी आईंच्या हातात दिली आणि स्वतः शेजारून चालले. दांडगा असा गुणी की आईंनी मागे वळून मुलाला म्हटलं, “बघ, तुझ्यापेक्षा शहाणा आहे.” त्या हसल्या तेव्हा त्यांचं नाक मुरडायचं.

पाचव्या दिवशी रस्त्यापलीकडे एक कुत्रं आलं. आईंनी दोरी मनगटाला गुंडाळली होती, त्यामुळे सोडताही आली नाही. त्या पदपथाच्या कडेवर पडल्या. खुबा मोडला, डोक्याला मार लागला. अकरा दिवस दवाखान्यात होत्या आणि तिथंच गेल्या.

मुलगा दांडग्याला परत घेऊन आला. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल, चार शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो दोरी भाऊजींच्या हातात देऊन नुसता उभा राहिला. मग म्हणाला, “तुमच्या हातात किती शांत चालत होता. आमचं काय चुकलं ते सांगा ना. गुंडाळून धर म्हणून मीच सांगितलं होतं आईला. सुटून रस्त्यावर जाईल म्हणून. त्यानंच झालं का हे?”

भाऊजींनी दोरी नुसती हातात घट्ट धरली. दांडगा त्यांच्या पायाशी बसून वर बघत होता. मी दारात होते. मीही काही बोलले नाही.

परत आलेल्या कुत्र्याला दहा दिवस मिळायचे, आणि दुसरी फेरी दुसऱ्याच्या हातून व्हायची. डॉक्टरांनी विचारलं, कोण चालवेल? ज्याच्यापायी माणूस गेलं ते कुत्रं, म्हणून सगळ्यांनी अंग काढून घेतलं. मी म्हटलं, मी चालवते.

ते दहा दिवस भाऊजींनी अंगठा बांधूनच ठेवला म्हणा. दोरी माझ्या हातात, आणि ते शेजारी. मी थांबायची, ते सांगायचे, “अजून. अजून थांबा. त्याला वळू दे.” माझ्या खांद्यातून कळा यायच्या. एकदा तर मी चिडून म्हटलं, “मला पण एक तुकडा द्या काळजाचा, मी पण वळून बघते.” ते हसले नाहीत. त्या दिवसांत ते जेवायचेही नाहीत धड. आठव्या दिवशी शेजारच्या पिंजऱ्यातलं कुत्रं गजावर धडकलं आणि दांडग्यानं नुसते कान हलवले. भाऊजींनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

दहाव्या दिवशी त्यांना ऑफिसात फोन आला. ते आत गेले. दार लागलं आणि पुढच्या क्षणाला मी बोळभर फरफटत गेले. दांडगा त्या बंद दाराशी जाऊनच थांबला.

भाऊजी बाहेर आले, माझं खरचटलेलं कोपर बघितलं आणि खाली बसले. एकोणीस वर्षांत ही एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. शिकवताना ते कधी वर्गाबाहेर गेलेच नव्हते. कुत्री दोरीला शिकत नव्हती, त्यांना शिकत होती. ते दिसले, त्यांचा वास आला, की सगळी शहाणी. ते नसले की पहिल्या दिवसासारखी.

“एका दिवसात काही होणार नाही,” ते म्हणाले.

“मग?”

ते उठून गेटाकडे बघायला लागले. मग म्हणाले, “मी उद्या गेटाशी उभा राहतो. डॉक्टरांच्या शेजारी. माझ्याकडे बघत येईल तो.”

मी हो म्हटलं. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते आहे. आईंचं मुरडलेलं नाक डोळ्यांसमोर असूनही मी हो म्हटलं, कारण दांडगा त्या वेळी माझं कोपर चाटत होता.

दुसऱ्या दिवशी दहाला मी दांडग्याला बाहेर काढलं आणि बघते तो गेटाशी तिघं उभे. डॉक्टर, भाऊजी आणि तो मुलगा. त्यानं डॉक्टरांना फोन करून सांगितलं होतं की मला बघायचंय, तो दुसऱ्याच्या हातात कसा चालतो ते. डॉक्टरांना नाही म्हणवलं नव्हतं.

तरी निघाले. दांडगा भाऊजींवर डोळे लावून असा चालला की मलाच खोटं वाटावं. सायकल आली. बादली आपटली. एक बारकं कुत्रं गजातून अर्धं बाहेर येऊन केकाटलं. दोरी माझ्या हातातून खाली लोंबत होती. गेटाला हात लावला, वळलो, परत आलो. परत येताना त्यानं दोनदा मागे मान वळवून भाऊजी आहेत ना हे बघितलं, एवढंच.

“पास,” डॉक्टर म्हणाले. “छान चालला. पुढे पाठवू त्याला.”

तो मुलगा माझ्या हाताकडे बघत होता. “म्हणजे कुत्र्याचं काही नव्हतं,” तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही, आपला आपल्याशी. “वहिनींनी गुंडाळली नाही दोरी. अशी हातात धरली. मी गुंडाळायला सांगितली.” आणि त्यानं मान हलवली, हिशोब एकदाचा जुळला अशी. मग वळून गेटाची कडी काढायला लागला. त्याला ती निघेना.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. मला कळलं होतं ते काय करणार आहेत.

“थांबा जरा,” ते त्या मुलाला म्हणाले. “डॉक्टर, मी आत जातो. दार लावून घेतो. मग वहिनींना परत चालवू दे.”

“कशाला? झाली ना फेरी.”

“मी नसताना चालवू दे.”

ते ऑफिसात गेले. दार लागलेलं ऐकू आलं. मी उभीच राहिले. मला वाटलं, चालायचंच नाही, इथंच खांबासारखं उभं राहायचं. पण दांडग्याला कुठं थांबायचं होतं. ते बारकं कुत्रं परत केकाटलं आणि त्यानं झेप घेतली. मी गुडघ्यांवर पडले, तशीच तीन पिंजऱ्यांपुढून घसटत गेले, आणि दोरी सुटली तेव्हा तळहाताचं सालपट तिच्याबरोबर गेलं.

भाऊजी बाहेर आले. आधी मला उठवलं. मग त्या मुलासमोर जाऊन अंगठ्याचं सगळं सांगितलं. दोरी घेऊन करूनही दाखवलं. वेढा असा, सुटतो असा. “तुमच्या आईंच्या हातात दिला तेव्हा मी शेजारी होतो, म्हणून चालला. मला माहीत होतं तो ओढतो ते. गुंडाळली नसती तरी त्या पडल्याच असत्या. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं.”

तो मुलगा हात उगारेल म्हणून डॉक्टर मधे सरकले. त्यानं हात उगारला नाही. त्यानं विचारलं, “अशी किती कुत्री पाठवलीत?”

भाऊजींना आकडा माहीत नव्हता. हे त्यांनी सांगितलं तेव्हा तो मुलगा ज्या नजरेनं त्यांच्याकडे बघत होता, ती मला आजही भाजी चिरताना मधेच आठवते आणि हात थांबतो.

मी डॉक्टरांना म्हटलं, मी नेते दांडग्याला घरी, मोडा एकदा नियम. ते म्हणाले, “वहिनी, आता तर नाहीच. आता मला माहीत आहे.”

मागच्या खोलीत त्याला भाऊजींनीच नेलं. मी वळणापर्यंत गेले. एवढा वेळ शेपूट हलवत चाललेला दांडगा त्या दाराशी आला आणि त्याला वास आला. त्यानं चारही पाय रोवले आणि मागे ओढ घेतली, भाऊजींच्या हातात पहिल्यांदाच. दोरी ताणली. भाऊजी थांबले. त्यांनी त्याला ओढलं नाही. ते दोरी धरून दारातच उभे राहिले, वर बघत, नेहमीसारखे. खूप वेळ गेला. मग दांडग्यानं त्यांच्याकडे बघितलं, आणि दोन पावलं पुढे येऊन त्यांच्या डाव्या पायाशी उभा राहिला. मी तिथून पळत स्वयंपाकघरात आले आणि चुलीवरचं पातेलं करपेपर्यंत रडले.

नऊ दिवसांनी तो मुलगा आमच्या घरी आला. आमचे हे कधी नव्हे ते जागेवरून उठून उभे राहिले. तो बसला नाही. म्हणाला, “बाबांना वाटतंय, मी स्वतःची समजूत घालायला काहीतरी रचून सांगतोय. तुम्ही येऊन एकदा सांगाल?”

मी भाऊजींबरोबर गेले. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. वडील चाकांच्या खुर्चीत खिडकीशी बसले होते, मांडीवर पांघरूण. भाऊजी उभ्यानंच बोलले. आपली चूक लपवली नाही, अंगठ्याचं, अंगणात शेजारून चालल्याचं, सगळं सांगितलं. म्हातारे पांघरुणाची कड धरून ऐकत होते.

“म्हणजे पोराचं काही चुकलं नव्हतं,” ते शेवटी म्हणाले.

“नाही.”

“ते मला माहीतच होतं. ही कुणाचं ऐकून दोरी गुंडाळणारी बाई नव्हती. तिच्या मनात आलं असेल म्हणून गुंडाळली असेल.” मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. म्हातारे पुढे झुकले. “बरं, ते जाऊ दे. कुत्रं कसं आहे?”

मुलगा भिंतीकडून वळला नाही. तेव्हा कळलं की मुलानं ते एक सांगितलेलंच नव्हतं.

“याला मी म्हटलं होतं, नेऊ नको रे परत,” म्हातारे सांगत होते. “पण त्याला ते डोळ्यांसमोर नको होतं. बरोबर आहे त्याचं. चाळीस वर्षं ही मला म्हणायची, चला फिरायला, आणि मी कामात. मग पायच गेले. ते पाच दिवस ती त्याला घेऊन यायची आणि मला सगळं सांगत बसायची. कुठपर्यंत गेलो, तो कुठं बसला, कुणावर भुंकला. एवढी बोलायला लागली होती. मी ठरवलंय, तो पास झाला की परत मागून घ्यायचा. मला कुठं फिरवायचंय त्याला? इथं खिडकीत बसेल माझ्याजवळ. त्याचं पाणी मी रोज बदलून ठेवतो.”

फ्रिजशेजारी जमिनीवर एक स्टीलचं भांडं होतं, काठोकाठ भरलेलं. खुर्चीतून वाकून ते भरायला त्यांना किती वेळ लागत असेल देव जाणे.

“सांगा ना,” ते म्हणाले. “झाला का पास?”

त्या मुलाच्या जिवासाठी भाऊजींनी खरं सांगितलं होतं, आणि ते सांगताना दांडगा आणखी कुणाचा होता का, हे विचारायचं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मग भाऊजी खुर्चीशेजारी जमिनीवर बसले, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “झाला होता, बाबा. मीच नापास केला.”